दुसरा आवाज: ‘पहारा’च्या ध्वनीकामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

आजपासून आवाजाचं काम माझ्याकडे आलं. ‘पहारा’ हे आमच्या कॉम्प्युटर खेळाचं सध्याचं नाव, पुढे बदलेलही. आम्ही तिघं आहोत. कोड लिहिणारा मित्र पुण्यात, डोंगर, बंदुका आणि माणसं घडवणारा कोल्हापुरात आणि मी सातारा तालुक्यातल्या आमच्या गावी. फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे आपल्याच डोळ्यांतून दिसणारा गोळीबाराचा खेळ, लेव्हल एकच: लडाखमधल्या द्रासच्या बाजूला असतात तसा उघडा, झाड नसलेला डोंगर, उंची सव्वातीन हजार मीटर, तापमान उणे १५, चार जवानांची चौकी आणि समोरच्या धारेवरून येणारा फायर. इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर खेळ उभा आहे ते, गोडो ४.३.

आजची स्थिती अशी आहे. शत्रूनं ४०० मीटरवरून गोळी झाडली की त्याच क्षणी आवाज येतो, फक्त बारीक येतो. चारशे मीटर दूर असलेला माणूस शेजारच्या खोलीत दरवाजा आपटल्यासारखा वाटतो. गोडोमध्ये त्रिमित आवाजासाठी जो नोड, म्हणजे तयार घटक, मिळतो तो अंतराप्रमाणे आवाज कमी करतो, लांबचा आवाज थोडा बोथटही करतो, पण उशीर लावत नाही. आवाजाला पोहोचायला वेळ लागतो हे इंजिनला माहीतच नाही. ते आपणच लिहायचं.

९ ऑक्टोबर

आप्पांना बिल्ड, म्हणजे खेळाची चालवून बघता येईल अशी आवृत्ती, दाखवला. आप्पा, माझे वडील, २००४ साली लष्करातून हवालदार म्हणून पेन्शनीत आले. त्याआधी द्रासला त्यांनी दोन हिवाळे काढलेत. खेळ बिळ त्यांना फारसं नाही, पण डोंगर बघून खुर्ची पुढे ओढून बसले. बर्फाचा रंग बघितला, संगर, म्हणजे दगड रचून केलेला आडोसा, बघितला, “संगर एवढा उंच बांधत न्हाईत, डोकं दिसतंय,” म्हणाले. कोल्हापूरला लगेच कळवलं.

मग फायर सुरू केला. दोन-तीन फैरी ऐकल्या आणि म्हणाले, “ह्यात एकच आवाज येतोय. दोन यायला पायजेत.”

मी म्हटलं, “प्रतिध्वनी अजून टाकला नाही, आप्पा.”

“प्रतिध्वनी न्हवं रं. पयला आवाज गोळीचा, दुसरा बंदुकीचा. गोळी कानाजवळनं जाती तवा क्रॅक करती. मग मागनं धप्प येतो. क्रॅककडं बघायचं न्हाई. धप्पकडं बघायचं. आन् दोन्हीच्या मधी जे मोजशील ते अंतर.”

हे त्यांना रिक्रूट असताना शिकवलं होतं. मी छत्तीस वर्षांचा आहे आणि हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

१३ ऑक्टोबर

चार दिवस वाचन आणि आकडेमोड. आप्पांचं म्हणणं भौतिकशास्त्रात तंतोतंत बसतं.

एके-४७ ची गोळी नळीतून साधारण ७१५ मीटर प्रति सेकंदानं निघते, भारतीय बनावटीच्या इन्सास रायफलची ९०० च्या आसपास. आवाजाचा वेग उणे १५ अंशाला ३२२ मीटर प्रति सेकंद. (उंचीमुळे आवाजाचा वेग बदलतो असा माझा समज होता. तसं नाही, तो थंडीमुळे बदलतो. उंचीवरची हवा विरळ असते त्याचा परिणाम गोळीवर होतो, तिला अडथळा कमी आणि वेग जास्त वेळ टिकतो.) म्हणजे गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगानं निघते आणि बंदुकीचा आवाज मागून रखडत येतो.

३०० मीटरवरची एके धरू. हवेत गोळी मंदावते, सरासरी ६०० धरली तर ती अर्ध्या सेकंदात पोहोचते. बंदुकीचा आवाज ०.९३ सेकंदात. मधलं अंतर ०.४३ सेकंद. सराव असलेल्या कानाला हे अंतर चांगलं लांब लागतं.

६०० मीटरला हे दुप्पट होईल असं वाटलं होतं. होत नाही. तोवर गोळी आणखी मंदावते, सरासरी ५०० वर येते, तिला १.२ सेकंद लागतात, आवाजाला १.८६. मधलं अंतर ०.६६. लांबची बंदूक कानाला जवळची वाटणार.

बंदूक बदलली की गणितही बदलतं. त्याच ३०० मीटरवरून इन्सास झाडली तर मधला वेळ एकेपेक्षा दहाएक शतांश सेकंदानं जास्त. म्हणजे आप्पांसारख्या माणसाला आधी बंदूक ओळखावी लागत असणार, मग अंतर. विचारलं. “ती तर ओळखायचीच,” म्हणाले, जणू त्यात विचारण्यासारखं काय.

२० ऑक्टोबर

पुण्याच्या मित्राशी दोन तास फोन. खेळात गोळीच नव्हती हा मूळ प्रश्न. आत्तापर्यंत आम्ही हिटस्कॅन वापरत होतो: चाप दाबला की नळीतून एक अदृश्य सरळ रेघ सोडायची, ती ज्याला लागेल त्याला त्याच क्षणी गोळी लागली. काउंटर-स्ट्राइक असाच चालतो आणि त्या खेळाला तेच योग्य आहे. तिथे अंतरं गल्लीबोळांची असतात आणि नेमकेपणा क्षणाचा हवा असतो. आमच्या डोंगरावर ते चालणार नाही. जी गोळी प्रवासच करत नाही तिला क्रॅक कुठून येणार?

म्हणून खरी गोळी. इथे वेगळीच अडचण. गोडोचं भौतिक गणित सेकंदाला ६० वेळा होतं. ९०० मीटर वेगाची गोळी दोन गणितांच्या मध्ये १५ मीटर पुढे जाते. या क्षणी भिंतीच्या अलीकडे, पुढच्या क्षणी पलीकडे, भिंत मध्ये होती हे तिला कळतच नाही. उपाय जुनाच आहे: प्रत्येक टप्प्याला मागच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेघ टाकून बघायची, वाटेत काही आहे का. गुरुत्वाकर्षणही आलं. ३०० मीटर जाईस्तोवर एकेची गोळी मीटरभर खाली येते, त्यामुळे आता नेम वर धरावा लागेल.

मित्राला एक शंका होती ती नोंदवून ठेवतो. तो म्हणाला, “एवढं करून खेळणाऱ्याला कळणार आहे का?” मी आर्मा ३ चं उदाहरण दिलं. चेक स्टुडिओ बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा २०१३ चा खेळ. त्यात गोळीला वजन, वेग आणि घसरण आहे, आवाज उशिरा पोहोचतो, जवळून जाणाऱ्या गोळीला वेगळा क्रॅक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरची लढाई म्हणून आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी याच खेळाची दृश्यं दाखवली होती. त्या फसवणुकीचं मला कौतुक नाही, चीड आहे. खऱ्या माणसांच्या मरणाच्या बातमीत खेळाचं चित्र घालणं वाईटच. पण खेळणाऱ्याला तपशील कळतो का, याचं उत्तर त्यात आहे. नाव सांगता येत नसलं तरी खरेपणा अंगाला कळतो.

मित्र कामाला लागला.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दोन दिवस गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत रेकॉर्डिंग. बंदूक झाडून आवाज घ्यायची सोय आपल्याला नाही, आणि ती नाही हे बरंच आहे. म्हणून सुतळी बॉम्ब. पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवलं होतं.

नियमाप्रमाणे ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज करणारा फटाका विकता येत नाही. रायफलचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी १५० च्या पुढे जातो. म्हणजे आपला आवाज तोकडाच आहे. पण मला लांबचा धप्प हवा होता, तो फटाक्यात आहे. खाणीच्या एका काठावर बॉम्ब, दुसऱ्या काठावर रेकॉर्डर, मध्ये ९० मीटर. पहिले सहा आवाज क्लिप झाले, तरंग वरून कापल्यासारखा सपाट. गेन, म्हणजे रेकॉर्डरची आवाज पकडायची पातळी, निम्म्यावर आणला. नंतरचे अकरा चांगले. सगळ्यात चांगला नववा, कारण त्याच्यामागून खाणीच्या भिंतीचा गडगडाट दोन तुकड्यांत येतो, आधी डावीकडून, मग समोरून.

ताई ओवाळायला थांबली होती, मी साडेअकराला पोहोचलो. कपड्यांना फटाक्यांच्या दारूचा वास.

१० नोव्हेंबर

वाया. निवडणुकीच्या प्रचाराच्या गाड्या. खाणीपर्यंत भोंग्यांचा आवाज येतो. २० तारखेला मतदान आहे, तोवर बाहेरचं रेकॉर्डिंग नाही.

घरातलं काम केलं: बर्फावरची पावलं. कॉर्नफ्लोअर कापडी पिशवीत घट्ट बांधून मुठीनं दाबलं की कोरड्या बर्फाचा करकर आवाज येतो. ध्वनीकामवाल्यांची ही फार जुनी युक्ती आहे आणि अजून तिच्या तोडीचं काही मिळालेलं नाही. आईनं दाराच्या आत उभं राहून ऐकलं. म्हणाली, “भाकरीच्या पिठात हात घातल्यासारखं वाटतंय.” मग ज्वारीचं पीठही करून बघितलं. जाड आहे, ओल्या बर्फाला चालेल. दोन्ही ठेवले.

२४ नोव्हेंबर

धप्प मिळाला. क्रॅक मिळत नव्हता. टाळी, फुटपट्टी, स्टीलचं ताट, ओली फांदी मोडणं, सगळं करून झालं. हे आवाज काहीतरी आपटल्याचे किंवा मोडल्याचे आहेत. क्रॅक तसा नसतो. गोळी आवाजाच्या पुढे पळते तेव्हा तिच्या नाकाशी हवा दाबली जाऊन एक लाट तयार होते, ती कानावरून जाते तो क्रॅक. तिचा जीव सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा.

आज बाजारात कडकलक्ष्मी आली होती. डोक्यावर देव्हारा घेतलेली बाई, गुबगुबं नावाचं चर्मवाद्य वाजवणारी आणि पायात घुंगरू बांधलेला पोतराज. त्यानं कोरडा, म्हणजे आसूड, फिरवला आणि मी हातातली पिशवी खाली ठेवली. कोरड्याच्या टोकाची वादी आवाजापेक्षा जास्त वेगानं जाते. तो कडाड् आवाज अंगावर बसण्याचा नसतोच, हवेत होतो. गोळीचा क्रॅक आणि कोरड्याचा कडाका दोन्ही एकाच जातीचे.

बाजार उठल्यावर त्यांना गाठलं. काय हवंय ते नीट सांगितलं: देवाचं गाणं नको, अंगावर मारणं तर नकोच, फक्त हवेत कोरडा. खेळासाठी आहे, बंदुकीच्या गोळीचा आवाज करायचाय. पोतराज म्हणाला, “हवेतच खरा वाजतो. अंगावर पडला की दबतो.” मोकळ्या माळावर तीस वेळा वाजवून दिला. कोरड्याला आधी पाणी मारून घेतलं. सुकी वादी नीट वाजत नाही म्हणे. मानधन दिलं, आणि श्रेयनामावलीत नाव घालू का विचारलं. विचार करून सांगतो म्हणाला, नंबर दिला.

तीसपैकी चौदा आवाज वापरण्यासारखे. पन्नास मिलिसेकंदांच्या पुढचं कापून टाकलं. हेडफोनवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मान आपोआप आत गेली.

१ डिसेंबर

आजचा पूर्ण दिवस क्रॅक कुठून वाजवायचा यावर. आप्पांचं “क्रॅककडं बघायचं न्हाई” याचा अर्थ आज उलगडला.

बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर उभं राहिलं की लाँच, म्हणजे मोटरबोट, समोरून निघून जाते, आणि ती गेल्यावर तिची लाट काठाला लागते. लाट लाँच कुठून निघाली तिकडून येत नाही, लाँचच्या वाटेवरून, बाजूनं येते. गोळीचंही तसंच. तिच्यामागे लाटेचा शंकू पसरतो. तो शंकू कानाला लागतो तेव्हा आवाज गोळीच्या वाटेवरच्या एका जागेवरून आल्यासारखा वाटतो, आणि ती जागा जवळजवळ आपल्या बाजूला असते. बंदूक समोर ३०० मीटरवर, पण क्रॅक उजव्या हाताला पाच-सात मीटरवर.

नवखा माणूस दचकून उजवीकडे वळतो. तिथे कुणीच नसतं. तेवढ्यात धप्प समोरून येतो आणि त्याची पाठ किंवा कूस बंदुकीकडे झालेली असते.

गणित: गोळीचा वेग ८०० आणि आवाजाचा ३२२ असेल तर शंकूचा अर्धा कोन साधारण २४ अंश. गोळी कानापासून पाच मीटरवरून गेली तर क्रॅकचा उगम तिच्या वाटेवर सगळ्यात जवळच्या बिंदूच्या सव्वादोन मीटर अलीकडे. तिथे कोरड्याचा आवाज ठेवायचा आणि तिथून कानापर्यंतचा उशीर लावायचा. धप्प नळीच्या जागी ठेवायचा, त्याला त्याचा उशीर. दोन्हींची यादी करून वेळ झाली की वाजवायचे. खेळणारा मध्येच हलला तर अंतर पुन्हा मोजायचं. चित्राच्या एका फ्रेमइतकी चूक झाली तरी ती साधारण ५.४ मीटरची, तेवढी चालेल.

संध्याकाळी पहिल्यांदा सगळं जुळलं. कडाड्, शांतता, धप्प. डोंगर एकदम मोठा झाला. चित्रात काहीही बदललं नव्हतं.

१५ डिसेंबर

आवाजाची उंची, म्हणजे तो किती मोठा. एक गोष्ट सारखी खुपत होती: धप्प मोठा करायला गेलं की सगळंच मोठं होतं, मग काहीच मोठं वाटत नाही. स्वीडनच्या डाइसनं २००८ च्या बॅटलफील्ड: बॅड कंपनीत यावर चांगला मार्ग काढला होता. प्रत्येक आवाजाला खऱ्या जगातल्यासारखी उंची द्यायची आणि ऐकू येणाऱ्या उंचीची एक खिडकी ठेवायची. मोठा आवाज आला की खिडकी वर सरकते आणि बारीक आवाज तिच्या खाली जाऊन नाहीसे होतात. गोळीबारात वारा ऐकू येत नाही, तो थांबला की वारा हळूहळू परत येतो. कान तसंच करतो. हेडफोनचा आवाज न वाढवताही बंदूक मोठी वाटते, आणि खेळणाऱ्याच्या कानाला इजा नाही.

आमची खिडकी साधी आहे, पण चालते. वारा परत यायला चार सेकंद ठेवलेत.

त्याच बिल्डमध्ये मित्रानं एक गोष्ट स्वतःहून घातली: जवळ स्फोट झाला की तीन सेकंद कानात टींऽऽ, बाकी आवाज बुडालेले. लष्करी खेळांत ही चाल सगळीकडे असते. छान बसली होती. ठेवली.

२९ डिसेंबर

भाचा सुट्टीला आला. चौदा वर्षांचा, बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळण्यात तरबेज, म्हणून पहिला परीक्षक तोच. वीस गोळ्या, प्रत्येकीनंतर बंदुकीकडे तोंड करायचं. पहिल्या सात वेळा क्रॅककडे वळला. आठव्याला थांबला. बाराव्यापासून एकही चुकला नाही. कुणी काही सांगितलं नव्हतं. नंतर म्हणाला, “मामा, पहिला आवाज फसवतो.” त्याला आप्पांचं वाक्य माहीत नव्हतं. मी ते त्याच्या शब्दांत खेळाच्या कागदांवर पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१२ जानेवारी २०२५

आप्पांची चाचणी. इतके दिवस मुद्दाम दाखवलं नव्हतं, सगळं जुळल्यावरच दाखवायचं होतं.

हेडफोन लावले, हातात कंट्रोलर. पहिली गोळी ३०० मीटर, एके. आप्पा वळले नाहीत. धप्प झाल्यावर बरोबर धारेकडे वळले. मला वाटलं, अनुभव. म्हटलं, अंतर सांगा.

“कसं सांगू? पयला आवाज कुठंय?”

पुन्हा झाडली. नोंदीत दिसतंय की क्रॅक वाजला. मी दुसरा हेडफोन जोडून स्वतः ऐकला, खणखणीत वाजत होता. आप्पा म्हणाले, “टिक् असं कायतरी झालं. तो क्रॅक न्हवं.” आवाज वाढवला. धप्प त्यांना सहन होईना, क्रॅक तरी टिक्-च. डावा-उजवा बदलून बघितला. तसंच.

मग त्यांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून टेबलावर ठेवले. “बंदूक चांगली वाजती,” म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

१६ जानेवारी

साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आप्पा यायला तयार नव्हते, आईनं ऐकलं नाही. आलेख निघाला. खालच्या सुरांना कान वयाच्या मानानं ठीक, २००० हर्ट्झपासून उतरण, ४००० ला खोल खड्डा, ८००० ला थोडी वर आलेली रेघ. दोन्ही कान. डॉक्टर म्हणाल्या, बंदुकीच्या, मशीनच्या मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा आलेख असाच असतो, खड्डा चार हजारालाच पडतो. आप्पांच्या काळी रेंजवर जाताना कानात कापूस घालायचे.

क्रॅकचा जोर नेमका त्याच भागात आहे, तीन-चार हजारांच्या आसपास. धप्प काहीशे हर्ट्झचा. म्हणून दुसरा ऐकू येतो आणि पहिला नाही. ज्या आवाजावरून अंतर मोजायला ते शिकले, तो आवाज त्याच बंदुकांनी त्यांच्या कानातून काढून नेला. किती वर्षांपूर्वी, कुणास ठाऊक. हळूहळू गेला असेल. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवत राहिलो.

डॉक्टरांनी विचारलं, कानात शिट्टी वाजते का? आप्पा म्हणाले, “ऱ्हातीच की ती.” कधीपासून? “पलटणीत असल्यापास्नं. रात्रीची जास्त.” आई पटकन म्हणाली, “म्हणून थंडीत पण फॅन लावून झोपता व्हय?” ते काही बोलले नाहीत. आमच्या घरी डिसेंबरात पंखा चालू असतो आणि आई दोन गोधड्या घेते, हे मी लहानपणापासून बघत आलोय. त्यांना उकडतं असं समजत होतो.

घरी येऊन मित्राला फोन केला आणि ते तीन सेकंदांचं टींऽऽ काढायला सांगितलं. तो कारण ऐकून काही बोलला नाही, पाच मिनिटांत काढलं. ते तीन सेकंदांत थांबतं हे खोटं आहे. थांबत नाही असं दाखवायचं असेल तर तो वेगळा खेळ लागेल, आणि सजावट म्हणून ते मला नको.

१९ जानेवारी

क्रॅक खाली आणायचा प्रयत्न. कोरड्याचा आवाज सूर उतरवून १००० हर्ट्झला आणला. आप्पांना ऐकू येतो, पण धप्पसारखाच वाटतो, दोन धप्प झाले. पंधराशेला आणला तर त्यांना आवडला नाही: “पत्र्यावर दगड टाकल्यावानी.” बरोबर आहे. क्रॅकचा क्रॅकपणा वरच्या सुरातच आहे.

पडद्याच्या कडेला खूण दाखवायचा पर्यायही केला. ऐकू न येणाऱ्या खेळाडूंसाठी तो लागणारच आहे, म्हणून ठेवतोय. पण आप्पा खूण बघायला गेले की डोंगर बघायचे थांबतात.

२ फेब्रुवारी

आप्पांनाच विचारलं, क्रॅक झाला की अंगाला काय कळायचं? बराच वेळ गेला. मग गालावर हात ठेवला. “हितं. वारं लागल्यावानी. लई जवळनं गेली तर दातांत.”

कंट्रोलरच्या आत कंपनाच्या दोन मोटरी असतात, एक जड, एक हलकी. आत्तापर्यंत त्या फक्त आपण झाडलेल्या गोळीला आणि स्फोटाला हलायच्या. आज झाडणं सोडून बाकी सगळी कंपनं बंद केली आणि हलकी मोटर क्रॅकला जोडली: ४० मिलिसेकंद, गोळी जितकी जवळून जाईल तितकी जोरात, दहा मीटरच्या पुढे काहीच नाही. धप्पला कंपन अजिबात नाही, तो कानाचा.

मोटर फिरायला लागायला स्वतःचा थोडा वेळ घेते, म्हणून हात आणि आवाज यांच्यातला फरक मोजून घेतला आणि आज्ञा तेवढी आधी पाठवली. गोळी कधी पोहोचणार हे आपल्याला झाडतानाच माहीत असतं, म्हणून ते जमतं.

९ फेब्रुवारी

आप्पांची दुसरी चाचणी. गोठ्यातलं काम आटपून, हात धुऊन बसले. मी काहीच सांगितलं नाही, कंट्रोलर दिला.

पहिली गोळी. हात थोडा आखडला, डोकं खाली गेलं, धप्प आला. ते वळलेसुद्धा नाहीत, धारेकडे तोंड होतंच. ओठ हलले.

“तीनशे.”

तीनशेच होती. पुढे वेगवेगळ्या अंतरांवर अकरा, सगळ्या एके. नोंदी तशाच उतरवतो. १५० ला १५० म्हणाले, दोन्ही वेळा. ३०० ला ३००, तीन वेळा. ४२० ला ४००, तीन वेळा. ६०० ला एकदा ४५०, दोनदा ५००.

६०० चं कमी आलं तेव्हा मी खरा आकडा सांगितला. आप्पा म्हणाले, “लांबचं कायम कमीच वाटायचं. आमचं उस्ताद सांगायचं, पाचशे वाटलं तर साइट पुढं सारा.” मी ऑक्टोबरची वही उघडून त्यांना ते गणित दाखवलं, ०.४३ आणि ०.६६. चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या. “गोळी दमती म्हणून,” म्हणाले.

शेवटची गोळी मी न सांगता इन्सासची झाडली, ३०० मीटर. मोजून थांबले, पुन्हा झाड म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकून हसले. “ही आपली हाय. आपलाच माणूस तिकडं कसा?”

करायचं राहिलं: कंपन ४० वरून २५ मिलिसेकंद करून बघणं, आप्पांना ते थोडं ढिलं वाटतंय. कंपन मूळ सेटिंगमध्येच चालू ठेवायचं, शोधायला लावायचं नाही. संगरची उंची अजून जास्त आहे, कोल्हापूरला पुन्हा कळवणं. पोतराजाला फोन: नावाचं काय ठरलं. कंट्रोलर आप्पांकडेच राहील, मला दुसरा घ्यायचा आहे.